तीन मोडक्यांतून दोन

फोर्ड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात जीप बनवल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर ‘एफ’ हे रोमन अक्षर उठवलं. आरशाच्या दांडीवर, टाकीच्या पट्ट्यावर, इतकंच काय, साध्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. कारण व्यवहारी होतं. तीच गाडी विलीज कंपनीही बनवत होती. एखादा भाग तुटला आणि भरपाईचा प्रश्न आला, तर माल आपला की समोरच्याचा हे कळायला हवं. आता ऐंशी वर्षांनी इंग्लंड, अमेरिका, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलियातल्या गॅरेजांत माणसं जमिनीवर उताणी पडून, टॉर्चच्या उजेडात हे अक्षर शोधत असतात. ग्रीस खरवडायचं, तारेचा ब्रश मारायचा, डोळे बारीक करून बघायचं. ‘एफ’ दिसला तर बोल्ट एका डब्यात. नाही दिसला तर दुसऱ्या डब्यात, आणि मग त्या एका भोकासाठी योग्य बोल्ट मिळेपर्यंत गाडी स्टँडवर.

बाहेरून बघणाऱ्याला हा शुद्ध खुळेपणा वाटतो. थोडाफार तो आहेच. पण या खुळामागची गंमत कळायला जीप कशी जन्माला आली ते आधी बघावं लागतं.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी कंपन्यांकडे मागणी नोंदवली आणि पहिला नमुना आणून द्यायला मुदत दिली फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला गाठलं, त्याने आराखडा केला, आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी बाल्टिमोरच्या कॅम्प होलाबर्डमध्ये जाऊन उभी राहिली. घाम बॅन्टमने गाळला, मोठी ऑर्डर मात्र विलीजला गेली. विलीजकडे बार्नी रूसने घासूनपुसून दमदार केलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि बॅन्टमचा कारखाना लष्कराची भूक भागवेल एवढा नव्हता. पुढे विलीजही पुरेना, तेव्हा त्याच आराखड्यावर फोर्डलाही गाड्या काढायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत विलीजच्या साधारण ३,६०,००० आणि फोर्डच्या २,७७,००० हून अधिक जीप बाहेर पडल्या होत्या.

लष्कराची अट एकच, पण कडक: याचा भाग त्याला बसलाच पाहिजे. आघाडीवरच्या वर्कशॉपातल्या मेस्त्रीला ही विलीज, ही फोर्ड असा विचार करायची वेळ येता कामा नये. समोर तीन मोडक्या जीप आल्या तर संध्याकाळपर्यंत दोन चालत्या बाहेर पडाव्यात, तिसरीची हाडं स्पेअर म्हणून कोपऱ्यात पडावीत. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी ज्या डोंगरांतून पुढे सरकल्या, तिथे रसद जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे खेचरांवरून जात असे. तिथे कुणी बोल्टचं डोकं बघत बसलं नसणार. विलीजच्या चॅसीवर फोर्डचा सांगाडा, त्यात तिसऱ्याच गाडीचं इंजिन, ही त्या काळातली सरळसाधी गोष्ट होती.

म्हणजे आजचा संग्राहक नेमकं उलटं काम करतो आहे. लष्कराने मुद्दाम जे एकमेकांत मिसळू दिलं, ते तो निवडून वेगळं करतो. तांदळातून खडे काढावेत तसे फोर्डमधून विलीजचे बोल्ट काढतो. आणि शेवटी त्याच्या अंगणात जी गाडी उभी राहते, ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हाची असते. युद्धावर गेल्यानंतरची नव्हे.

ओळखायच्या खुणा या लोकांना तोंडपाठ असतात. चॅसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. विलीजचा चॅसी नंबर पुढच्या बाजूला छोट्या पट्टीवर रिबीट मारून बसवलेला. फोर्डचा थेट लोखंडावर ठोकलेला. अगदी सुरुवातीच्या सुमारे २५,००० विलीज गाड्यांना पुढे लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. फोर्डने ती बदलून एकाच पत्र्यात नऊ उभ्या खाचा दाबून काढल्या. स्वस्त पडलं म्हणून विलीजनेही तेच उचललं. जीपचा म्हणून जो चेहरा जगभर ओळखला जातो, तो फोर्डच्या काटकसरीतून आला आहे. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नावही मोठ्या अक्षरांत उठवलेलं असे. सरकारी खर्चाने कुणाची जाहिरात नको म्हणून १९४२ मध्ये लष्कराने ते बंद करायला लावलं. आज तो नावाचा पत्रा असलेली गाडी सापडली की तिच्या किमतीचा आकडा लगेच वर चढतो.

एवढं सगळं केलं तरी गाडी हा सोपा भाग. इंजिन, गिअरबॉक्स, धुरे ही जड आणि नटबोल्टांनी आवळलेली असतात, जागची हलत नाहीत. हरवतं ते गाडीबरोबर दिलेलं सुटं सामान.

लष्कराच्या १९४४ च्या देखभाल-पुस्तिकेत, टीएम ९-८०३ मध्ये, त्याची यादीच आहे. कॅनव्हासच्या पिशवीत पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, चाकाच्या नटांचा पाना. शिवाय जॅक, हवा भरायचा हातपंप, हवा मोजायचा गेज, ग्रीस गन, तेलाची कुपी, बर्फा-चिखलात टायरला घालायच्या साखळ्या. डाव्या अंगाला बाहेरून पट्ट्यांनी बांधलेली कुऱ्हाड आणि फावडं. मागे स्टेपनी आणि वीस लिटरचा डबा. यातली एकही वस्तू गाडी चालायला लागत नाही. गाडी अडली की मात्र प्रत्येक लागते, आणि गाडी नसली तरी घरात लागते. त्यांच्या नशिबाचा निकाल याच शेवटच्या गोष्टीने लावला. युद्ध संपल्यावर शिपायाने, डेपोतल्या कारकुनाने, लिलावात गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याने पहिल्यांदा उचललं ते हेच. हातपंप सायकलच्या दुकानात गेला, फावडं शेतावर, कुऱ्हाड लाकडं फोडायला. वापरता येत होतं म्हणूनच ते संपलं. उलट चॅसीवरची नंबरपट्टी कुणाच्याच उपयोगाची नव्हती, ती जागेवरच राहिली.

हिंदुस्थानात हा प्रकार जरा जास्तच जोरात झाला. युद्धानंतर इथे उरलेल्या लष्करी गाड्यांना ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. त्यातले ट्रक घाटांतून मालवाहतूक करू लागले आणि जीप गेल्या कंत्राटदारांकडे, बागायतदारांकडे, सरकारी खात्यांकडे. पाठोपाठ महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि मग कितीतरी वर्षं मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं ठसठशीत रंगवलेल्या जीप महाराष्ट्रातल्या धुळीच्या रस्त्यांवर पळत राहिल्या. बीडीओची जीप, साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप, निवडणुकीत कर्णे बांधलेली जीप. युद्धातली विलीज आणि माझगावची विलीज एकाच मेस्त्रीकडे जायच्या. भाग जुळत होते, नाही जुळले तर तो जुळवायचा. संग्राहकाला त्यामुळे इथली जुनी जीप मिळते ती अनेकांच्या हातांची. कुठे ट्रॅक्टरची हेडलाइट, कुठे डिझेल इंजिन, सीटखालच्या टाकीच्या जागी पत्र्याची पेटी. सुटं सामान शून्य. ते शोधायचं तर कुर्ल्याची भंगाराची दुकानं, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असं फिरावं लागतं; तिथे ढिगातला प्रत्येक पाना उलटा करून त्यावरचं नाव वाचायचं. बॉनी, व्लचेक, बार्कालो ही अमेरिकी पानेवाल्यांची नावं इथे दहापैकी नऊ दुकानदारांना ठाऊक नसतात, आणि ते बरंच आहे.

काही वस्तू सापडल्या की आनंदाआधी सावधपणा लागतो. जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाजवळ पितळेचं छोटं अग्निशामक नळकांडं असायचं, पायरीन किंवा फायर-फायटर कंपनीचं. घासून चकचकीत केलं की देव्हाऱ्यात ठेवावं इतकं देखणं. आत कार्बन टेट्राक्लोराइड. हे द्रव यकृत नासवतं आणि तापलेल्या धातूवर पडलं तर त्यातून फॉस्जीन निघू शकतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला तोच वायू. नळकांडं हलवल्यावर आत डुचमळलं तर शहाणा संग्राहक झाकण उघडत नाही, जाणकाराकडून रिकामं करून घेतो. काही लष्करी मापकांच्या काट्यांना अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा लेप असे. चमक केव्हाच गेली, किरणोत्सर्ग अजून आहे. असा मापक खरवडून नव्याने रंगवायला बसणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

कधीकधी हाताला विनोदही लागतो. ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या गाड्यांत, रणगाड्यांत ‘नंबर १९’ नावाचा वायरलेस संच असे. त्यातले कॅनडात बनलेले संच बघावेत तर दर्शनी पट्टीवर इंग्रजीखाली रशियन लिपी. माल सोव्हिएत फौजांनाही जात होता, म्हणून कारखान्याने दोन्ही भाषा एकदमच छापून टाकल्या. आता एखादा संग्राहक ब्रिटिश गाडी ‘अगदी मूळ स्वरूपात’ उभी करतो आणि प्रत्येक पाहुणा विचारतो, इथे रशियन कुठून आलं? उत्तर देऊन देऊन तो कंटाळतो, पण पट्टी बदलत नाही.

मग येतो गंज. जुन्या पान्यावरचा गंज ग्राइंडरने उडवला की पाना साफ होतो आणि त्यावरची कोरलेली अक्षरंही साफ होतात. म्हणून हे लोक सबुरीचे उपाय करतात. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात वस्तू बुडवून बॅटरी चार्जरने हलका प्रवाह सोडणं हा एक. दुसरा उपाय मळीचा. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात वस्तू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची. गंज सुटून येतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. जस्त, ॲल्युमिनियमला मात्र हे चालत नाही. वास असा सुटतो की पिंप घरापासून लांबच ठेवावं लागतं. युरोप-अमेरिकेत मळी गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मागे मळीची तळी भरलेली असतात, पण तिच्यावर दारूमुळे राज्य उत्पादन शुल्क खात्याचं लक्ष. जीपचा जॅक भिजवायला मळी हवी, हे त्या खात्याच्या साहेबाला पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. लाकडी दांड्यांचं सोपं आहे. काच घेऊन जुना रंग अलगद तासायचा आणि उकळलेलं जवसाचं तेल पाजत राहायचं, दांडा प्यायचा थांबेपर्यंत.

सगळ्यांत नाजूक काम बॉनेटवर चालतं. वरच्या रंगांखाली मूळ लष्करी नंबर अजून असू शकतो. पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, तळहाताएवढी जागा निवडायची आणि हाताचा भार न टाकता गोल गोल फिरवायचा. आधी कुणा मालकाने दिलेला निळा निघतो. त्याखाली सरकारी खात्याचा पांढरा. मग अस्तर. मग मंद, बिनचकाकीचा ऑलिव्ह हिरवा. इथे हात थांबला पाहिजे, कारण नंबर याच थरावर आहे आणि चार फेऱ्या जास्त झाल्या तर तोही पाण्याबरोबर वाहून जाईल. अमेरिकी जीपचा नंबर ‘२०’ ने सुरू होतो. सुरुवातीच्या काळात तो पांढऱ्याने नव्हे, तर निळसर करड्या रंगाने लिहीत. हिरव्यावर तो निळसर रंग कृष्णधवल फोटोत दिसतच नाही. त्यामुळे जुने फोटो बघून ‘या गाडीला नंबरच नव्हता’ असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. नंबरानंतर ‘एस’ अक्षर आलं तर गाडीच्या इंजिनाची खरखर वायरलेसमध्ये येऊ नये अशी सोय केलेली आहे. मग त्या सोयीचे फिल्टर, तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या, दातेरी वॉशर हे सगळं आलंच. एका अक्षरापायी वर्षभराची हुडकाहुडक.

‘मूळ’ म्हणायचं कशाला, या प्रश्नावर या मंडळींत मैत्र्या तुटतात. फिलिपाइन्समध्ये जीपचे नवेकोरे सांगाडे बनतात, अगदी १९४३ च्या मापाचे. युद्धानंतर अमेरिकनांनी मनिलात टाकून दिलेल्या जीपच्या ‘जीपनी’ नावाच्या प्रवासी गाड्या झाल्या, सांगाडे ठोकणारे हात तिथे तयार झाले, आणि आता त्याच देशातून नवा पत्रा विलायतेला जातो. असा सांगाडा, नव्या टायरांची जोडी, नव्याने छापलेल्या पितळी पट्ट्या आणि खाली जुन्या नंबराची चॅसी. कागदावर गाडी १९४३ ची. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला ‘टायगर १३१’ हा रणगाडा एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला. आज तो स्वतःच्या इंजिनाच्या बळावर चालतो असं म्हणावं, तर ते इंजिन दुसऱ्या रणगाड्यातून काढून बसवलेलं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. जीपवाल्याच्या एका वॉशरवर मात्र खटला उभा राहतो.

याहून गमतीचं प्रकरण जीपच्या नाकासमोरच्या उभ्या लोखंडी दांड्याचं. जर्मन सैनिक रस्त्यावर मानेच्या उंचीवर बारीक तार ताणून ठेवत; काच पाडून वेगाने येणाऱ्या जीपमधल्या माणसाचं मुंडकं उडावं म्हणून. त्यावर तोड म्हणून वर्कशॉपांनी पुढच्या बंपरवर कोनाची लोखंडी पट्टी उभी केली, वरच्या टोकाला तार अडकून तुटावी अशी खाच दिली. कारखान्याचा नमुना नाही, भाग क्रमांक नाही, हाताशी लोखंड होतं तसं कापलं आणि वेल्ड केलं. आता तीच पट्टी मापात कापलेली, भोकं पाडलेली विकत मिळते. खरी कशी ओळखायची? ज्याने वेल्डिंग ओबडधोबड केलं आहे ती खरी असण्याची शक्यता जास्त, एवढंच. अर्थात हे कळल्यापासून नवीन बनवणारेही वेल्डिंग ओबडधोबड करू लागले असतील.

अहमदनगरला, आता अहिल्यानगर, १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, ब्रिटिश माटिल्डा आणि चर्चिल, जपानी ‘ची-हा’ अशी मातब्बर मंडळी तिथे एका आवारात उभी आहेत. सहल घेऊन गेलेल्या शाळा तोफेखाली उभ्या राहून फोटो काढतात. सामानवेड्या माणसाची नजर मात्र अशा कुठल्याही संग्रहालयात तोफेवर जात नाही. ती जाते कडेच्या चापांवर, कोयंड्यांवर, पंखनटांवर. फावड्याचा चाप कुठला, टॉवरोपचा हुक कुठला, कुदळीचं पातं कशात अडकत होतं. रिकामा चापसुद्धा त्याला वाचता येतो.

या सगळ्या शोधात एक वस्तू अशी की जी नुसती सापडत नाही, तर अजून कामावर असते. ती म्हणजे मागे अडकवायचा वीस लिटरचा डबा, जेरीकॅन. मूळचा जर्मन, १९३७ च्या सुमारास ग्रुनफोगेल नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेला. दोन दाबलेले पत्रे मधोमध वेल्ड केलेले. वर तीन मुठी. भरलेला डबा एकाने मधल्या मुठीने उचलावा, दोघांनी दोन बाजूंच्या मुठी धराव्यात. रिकामे असतील तर एकाच माणसाने हातात दोन-दोन घेऊन चार न्यावेत. मुठीखाली हवेसाठी जागा सोडलेली, त्यामुळे उन्हात पेट्रोल फुगलं तरी डबा फुटत नाही आणि भरलेला पाण्यात टाकला तर तरंगतो. झाकणाला पाना लागत नाही, खटका ओढला की उघडतं. या जागी ब्रिटिशांकडे होते चार गॅलनचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे, म्हणजे आपल्या रॉकेलच्या डब्याचे सख्खे भाऊ. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ते इतके गळत की पेट्रोलचा मोठा हिस्सा वाटेतच वाळूत जिरे. रिकामा झाला की शिपाई तो कापत, त्यात वाळू नि पेट्रोल घालून चहा उकळत. तो डबा आज संग्राहकाला क्वचितच मिळतो. जर्मन डबा सापडला की ब्रिटिश शिपाईच त्याला जिवापाड जपत.

अमेरिकनांना हा डबा कळला त्यात हिंदुस्थानचा वाटा आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस हा बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकी अभियंता आपल्या जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने हिंदुस्थानकडे निघाला. वाटेत पाणी ठेवायला भांडी नव्हती, तेव्हा सहकाऱ्याने टेम्पलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातून तीन डबे आणले. युद्धाचे ढग जमले, जर्मन साथीदाराला विमान पाठवून माघारी नेलं. जाण्याआधी त्याने डबा कसा बनतो ते प्लाइसला सांगून टाकलं. प्लाइस कलकत्त्याला पोचला, मोटार आणि डबे तिथेच ठेवून मायदेशी परतला आणि लष्करी अधिकाऱ्यांना डब्याबद्दल सांगू लागला. कुणी कान दिला नाही. पुढे कलकत्त्याहून मोटार मागवून त्याने एक डबा दाखवायला पाठवला. तो गेला कॅम्प होलाबर्डमध्ये, जिथे बॅन्टमची पहिली जीप हजर झाली होती तिथेच. तिथल्या मंडळींनी माप, आकार आणि मुठी तेवढ्या ठेवल्या आणि बाकीचं बिघडवलं: वेल्डऐवजी दुमडलेला जोड, खटक्याऐवजी पान्याने फिरवायचं झाकण. अमेरिकी जीपवर चढला तो हा सुधारून बिघडवलेला डबा, बाजूला इंधनासाठी ‘जी’ किंवा पाण्यासाठी ‘डब्ल्यू’ उठवलेला.

ब्रिटिशांनी मात्र अक्कल वापरून जर्मन नमुना जसाच्या तसा उचलला, त्यावर आपल्या सरकारी मालाचा बाण आणि ‘डब्ल्यूडी’, म्हणजे युद्धखात्याची, अक्षरं मारली, खाली साल टाकलं. ‘१९४३’ किंवा ‘१९४४’ असं साल उठवलेला डबा अजूनही एखाद्या पंपाजवळच्या गॅरेजात, मोटारीच्या डिकीत, बोटीच्या नाळेत दिसतो. थरावर थर चढलेला रंग, आत डिझेल. संग्राहकाने इथे चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. आधी भलत्याच वस्तूचा भाव विचारायचा, मग जाता जाता डब्याकडे बोट करायचं. मालक नव्या डब्यापेक्षा थोडं जास्तच सांगतो, कारण जुना पत्रा जाड आहे हे त्यालाही ठाऊक असतं. सालाशी त्याला काही देणंघेणं नसतं. सौदा ठरतो तो एका अटीवर: आतलं वीस लिटर डिझेल ओतून घ्यायला दुसरा डबा घेणाऱ्याने आणायचा, आणि तो गळका नको.